पुन्हा चहा करताना

दवाखान्यातून घरी सोडताना जे कार्ड हातात मिळते, त्याच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : 'फिजिओ व ओटी चालू ठेवणे.' फिजिओ म्हणजे काय, हे आता गावोगाव ठाऊक झाले आहे. 'ओटी' या दोन अक्षरांपाशी मात्र घरची माणसे थबकतात. त्यांच्या लेखी ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, ज्याच्या दाराबाहेर ती रात्रभर बाकड्यावर बसून राहिली होती ते. "म्हणजे अजून एक ऑपरेशन आहे का हो?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की नव्या कुटुंबाशी बोलताना मी सुरुवातच त्याच्या उत्तराने करते. ऑपरेशन नाही. ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार.

मराठी शब्द सांगितला की एक गोंधळ जातो आणि दुसरा येतो. व्यवसाय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकान, नोकरी, धंदा उभा राहतो. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मुलाचे वडील माझ्यावर रागावले होते. "पोराला अजून चमचा धरता येत नाही, आणि तुम्ही व्यवसायाचं काय काढलंत?" त्यांचा राग खरा होता. शब्दाने त्यांना फसवले होते. पण हाच शब्द जुन्या अर्थाने घेतला तर या उपचाराला त्याच्याइतका नेमका दुसरा शब्द सापडणार नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो निश्चयाच्या अर्थाने येतो. ठरवून, मन लावून केलेली खटपट असा त्याचा पिंड आहे. इंग्रजी शब्दाचा मूळ रोखही पोटापाण्यापुरता नाही. माणसाचा वेळ आणि मन जे जे व्यापते, ते सगळे त्यात येते. सकाळी दात घासणे, पायजम्याची नाडी बांधणे, साडीच्या निऱ्या घालणे, मेथी निवडणे, धार काढणे, एसटीत सुटे पैसे देणे, नातवाला गोष्ट सांगणे. मेंदूला इजा झाली की ही कामे हातातून सुटतात. ती पुन्हा हातात यावीत म्हणून जो उपचार करायचा, तो याच कामांमधून करायचा, असे हे शास्त्र सांगते. मी पंचवीसहून अधिक वर्षे हेच काम करते आहे. हे पुस्तक मी लिहिले ते रुग्णाच्या घरच्या माणसांसाठी. त्यात ज्या रुग्णांच्या हकिकती येतील त्यांची ओळख पटू नये म्हणून गावे, वये, नाती बदलली आहेत. घडलेले बदललेले नाही.

मेंदूला इजा अनेक वाटांनी होते. पक्षाघात, ज्याला आपल्याकडे अजूनही 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. मेंदूज्वर. गाठ काढण्याचे ऑपरेशन. बुडताना किंवा हृदय थांबल्यावर काही मिनिटे प्राणवायू न मिळणे. झाडावरून, माळ्यावरून, बांधकामाच्या परांचीवरून पडणे. आणि सर्वांत क्रूर वाट रस्त्याची, कारण ती बहुतेक वेळा तरुणांना गाठते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले. १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. मेलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रात ठळक छापला जातो. जखमींचा आकडा त्याच्या खाली, बारीक अक्षरात. त्या आकड्यात पाय मोडून तीन महिन्यांत कामावर गेलेला माणूस आणि डोक्याला मार लागून स्वतःच्या मुलीचे नाव विसरलेला माणूस शेजारी शेजारी बसलेले असतात.

अतिदक्षता विभागात या माणसाचे मोजमाप बारकाईने होते. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली मांडलेली मोजपट्टी जगभर वापरतात : डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का. सर्वांत कमी गुण ३, सर्वांत जास्त १५. नातेवाईक हे आकडे पाठ करतात. "काल आठ होता, आज अकरा आहे." ज्या दिवशी पंधरा होतात त्या दिवशी पेढे येतात. मलाही त्या पेढ्यांचा आनंद होतो. पण पंधरा म्हणजे एवढेच की माणूस जागा आहे, त्याला दिवस-ठिकाण कळते आहे आणि सांगितलेले ऐकतो आहे. तो घरी जाऊन चहा करू शकेल का, हे त्या पट्टीवर लिहिलेले नसते.

चहाचे उदाहरण मी मुद्दाम घेते. चहा प्रत्येक घरात होतो, आणि माझ्या कामात तो स्टेथोस्कोपसारखा उपयोगी पडतो. पातेले घ्यायचे, पाणी मोजून ओतायचे, गॅस पेटवायचा, साखर, किसलेले आले, उकळी, चहापूड, दूध; उतू जाण्याआधी गॅस बारीक करायचा, गाळायचा, कपात ओतायचा. आपल्याला हे फोनवर बोलता बोलता जमते, म्हणून ते सोपे वाटते. आता हेच सामान मेंदूला मार बसलेल्या माणसासमोर मांडा आणि गप्प उभे राहा. एक जण ओट्याशी नुसता उभा राहतो. त्याला सगळे ठाऊक आहे, विचारले तर कृती बिनचूक सांगतो, पण सुरुवात होत नाही. दुसरा लगेच सुरुवात करतो आणि रिकाम्या पातेल्याखाली गॅस पेटवतो. तिसरी साखर घालते, आले किसते आणि पुन्हा साखर घालते, कारण पहिली साखर तिच्या लेखी घातलेलीच नाही. चौथ्याचा क्रम चोख आहे, पण उजवा हात वळत नाही, दुधाची पिशवी कापता येत नाही. पाचवी उकळी येईपर्यंत म्हणून कपडे वाळत घालायला गच्चीत जाते आणि गॅस चालू आहे ही गोष्टच तिच्यापुरती नाहीशी होते.

पाचही घरांतून तक्रार एकच येते : 'चहासुद्धा करता येत नाही.' पण पाचांचे दुखणे वेगळे आहे, म्हणून उपायही वेगळा. पहिल्याला समजावत बसण्यात अर्थ नसतो; त्याच्या कोपराला हलका स्पर्श करून हात पातेल्यापर्यंत नेला की पुढचे सगळे तो स्वतः करतो, आणि काही आठवड्यांनी तो स्पर्श काढून घेता येतो. तिसरीसाठी ओट्यावर सामान उजव्या हाताला ओळीने मांडायचे. जे घातले तो डबा डावीकडे ठेवायचा. तिला आठवण्याची गरजच उरत नाही, डबा कुठे आहे ते पाहिले की पुरते. चौथ्याला दांड्याचे पातेले, दुधासाठी पिशवीऐवजी आधीच भरून ठेवलेला तांब्या, आणि भांडे सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकिन. पाचवीसाठी ओट्याजवळ एक खुर्ची आणि एक पक्का नियम : गॅस चालू असेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. यातल्या एकाही उपायाला मोठे यंत्र लागत नाही. लागते ती नीट पाहण्याची सवय आणि मदत कधी थांबवायची याचा अंदाज. एमआरआय मेंदूत व्रण कुठे आहे ते दाखवतो. त्या व्रणाने माणसाच्या सकाळचे काय केले ते ओट्यापाशी दिसते.

नेहमीच्या कामांनाच मी एवढे महत्त्व का देते, यामागे आणखी एक कारण आहे. वर्षानुवर्षे केलेली कामे मेंदूत आठवण म्हणून एका कप्प्यात पडून नसतात. ती हातात मुरलेली असतात. अलेक्झांडर लुरिया या रशियन मेंदूतज्ज्ञाने झासेत्स्की नावाच्या सैनिकाची हकिकत लिहून ठेवली आहे. १९४३च्या मार्चमध्ये व्याझ्मापाशी गोळी लागून त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूची चाळण झाली. डावे-उजवे कळेना, वाचता येईना, अक्षरे अनोळखी झाली. एकेक अक्षर आठवून लिहायला तो लहान मुलासारखा धडपडत होता. मग डॉक्टरांनी त्याला अक्षरांचा विचार सोडून, हात न उचलता, सरळ शब्द लिहून टाकायला सांगितले. आणि हात चालला. जे डोक्याला आठवत नव्हते ते मनगटाला येत होते. पुढची सुमारे पंचवीस वर्षे तो रोज थोडे थोडे लिहीत राहिला, जवळजवळ तीन हजार पाने. लिहिलेले त्याला स्वतःला धड वाचता येत नसे. तरी तो लिहीत राहिला, कारण लिहिण्यातून त्याचे विस्कटलेले आयुष्य थोडे जुळत होते. ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आठवली ती माझ्या ओळखीतली एक आजी. पक्षाघातानंतर तिला 'लाटणे' हा शब्द सुचत नव्हता, चित्र दाखवले तरी नाही. पोळपाटावर कणकेचा गोळा ठेवून लाटणे हातात दिले, तर पोळी गोल झाली.

काही बदल असे असतात की ते घरच्यांना हट्ट वाटतात. उजव्या मेंदूला इजा झालेली काही माणसे डावी बाजूच हरवून बसतात. डोळे चांगले असतात, पण डावीकडचे जग त्यांच्या लक्षाच्या बाहेर गेलेले असते. मिलानच्या एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी १९७८ साली यावर एक साधा आणि थरारून टाकणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अशा रुग्णांना आपल्याच शहरातला कॅथीड्रलचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितले. चर्चकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा म्हटल्यावर त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. आता चर्चच्या पायऱ्यांवरून चौकाकडे बघा म्हटल्यावर, मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. आठवणीत सगळा चौक शाबूत होता, डावा भाग फक्त हाताशी येत नव्हता.

आपल्याकडे हे जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. एक निवृत्त शिक्षक रोज जेवताना बायकोवर चिडत : "तुला चटणी-कोशिंबीर करायचा कंटाळा येतो आता." ती बिचारी रोज नव्या जोमाने चटण्या करत होती. खोबऱ्याची, कारळ्याची, जवसाची. मी त्यांच्या घरी गेले त्या दुपारी ताट नुसते अर्धे फिरवले. चटणी उजवीकडे आली. सर थांबले, बायकोकडे बघितले, आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. ताट फिरवणे हा उपचार नव्हे, ती फक्त ओळख आहे. उपचार पुढे सुरू होतो : ताटाच्या डाव्या कडेला लाल दोरा, 'दोरा दिसेपर्यंत मान वळवायची' हा रोजचा पाठ, बोलणाऱ्याने मुद्दाम डावीकडे बसणे, दाढी करताना आरशाच्या डाव्या काठापासून सुरुवात करणे. महिने लागतात. पण त्या दुपारनंतर त्या घरातली एक जुनी कटुता गेली.

उजवा हात गेलेल्यांची ताटावरची अडचण निराळी असते. डाव्या हाताने जेवायला मन धजत नाही. एका आजोबांनी चार महिने दुसऱ्याच्या हातून घास घेतला, पण डावा हात ताटात घातला नाही. मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. जाड दांड्याचा चमचा उजव्या मुठीत पट्ट्याने बसवला, त्यांचा डावा हात उजव्या मनगटाखाली आधाराला ठेवला आणि पहिला पदार्थ शिरा निवडला, जो चमच्यावरून सांडत नाही. घास उजव्या हातानेच तोंडापर्यंत गेला. जिला दुर्बळ हात वापरण्याची सक्ती म्हणतात, त्या पद्धतीच्या मोठ्या चाचण्या परदेशात झाल्या आहेत : धडधाकट हाताला जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोजा घालून ठेवायचा आणि दुर्बळ हाताला कामाला लावायचे. तिचा फायदा होतो. पण ज्या हातात थोडी तरी हालचाल शिल्लक आहे त्यालाच. प्रत्येकाला ती लावायची नसते, आणि घरच्या घरी मनाने तर नाहीच. हे मी पुस्तकात सविस्तर लिहिले आहे.

आता एक गोष्ट जरा कळवळून सांगते. भेटायला येणारे नातेवाईक खाटेजवळ बसतात आणि हमखास विचारतात, "ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?" प्रेमाने विचारतात. पण मेंदूला इजा झालेल्या माणसासाठी ती रोजची तोंडी परीक्षा असते, आणि तो रोज नापास होतो. त्याहून वाईट असे की, चाचपडत दिलेले चुकीचे उत्तरही मेंदूत रुजते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली दाखवून दिले, की स्मरणशक्ती मोठ्या प्रमाणात गेलेली माणसे अंदाज करत, चुकत चुकत शिकण्यापेक्षा चूक होऊच न देता शिकवल्यावर चांगली शिकतात. आपण चुकलो की 'मागच्या वेळी हे चुकले होते' हे आपल्याला आठवते, म्हणून चूक आपल्याला शिकवते. ज्याला मागची वेळच आठवत नाही, त्याच्यासाठी चूक हाच सराव ठरतो. म्हणून दारातून येतानाच म्हणावे, "मी सुमन, तुझी मावशी, कराडहून आले." सांगून टाकावे. विचारू नये. मावशीला याने वाईट वाटते, हे मी पाहिले आहे. 'आपण होऊन ओळखावं' ही तिची इच्छा असते. ती तिने काही महिने बाजूला ठेवावी.

मेंदूच्या इजेवरचे कुठलेही पुस्तक उघडा, फिनिअस गेज भेटतो. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी कांब त्याच्या गालाखालून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो जगला. स्वभाव पालटला, तोंडाळ झाला, बेत करून मोडू लागला. कंत्राटदारांनी मुकादमाचे काम परत दिले नाही. गोष्ट बहुधा इथे संपवतात, आणि मेंदूचा पुढचा भाग गेला की माणूस कसा बिघडतो, याचा दाखला म्हणून ती सांगतात. पण गेज त्यानंतर बारा वर्षांच्या आसपास जगला, आणि त्यातली सात-एक वर्षे त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकली. १८५२ साली तो तिकडे गेला. पहाटे घोडे जुंपायचे, सामान बांधायचे, उतारूंचे पैसे घ्यायचे, परक्या भाषेच्या देशात लांबच्या रस्त्यावर घोड्यांची रास सांभाळत गाडी वेळेवर पोचवायची. गेजच्या आयुष्याचा बारकाईने शोध घेणारे माल्कम मॅकमिलन यांचे म्हणणे असे, की या बांधलेल्या दिनक्रमाने त्याच्या विस्कळीत झालेल्या मेंदूला बाहेरून चौकट दिली आणि तो पुष्कळ सावरला. कुठल्या तज्ज्ञाने त्याला हे काम लावून दिले नव्हते. तरी मला ही व्यवसायोपचाराची हकिकत वाटते. ज्या माणसाला स्वतःचा बेत स्वतःला आखता येत नाही, त्याला रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने येणारे आणि दुसऱ्या कुणाला गरज असलेले काम तारू शकते.

म्हणून 'आधी बरा होऊ दे, मग काम करेल' हे वाक्य मला खोडायचे आहे. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. काम हे बरे झाल्याचे बक्षीस नाही. बरे होण्याची वाट कामातूनच जाते. मेंदूत जे मार्ग तुटले त्यांच्या आसपास नवे मार्ग पडतात, पण वापराने पडतात, आणि माणसाला अर्थ वाटणाऱ्या वापराने लवकर पडतात. रबराचा चेंडू शंभरदा दाबण्यापेक्षा पावशेर मटार सोलले तर हात अधिक चालतो, कारण शेंग नीट धरली की दाणा निघतो आणि रात्री भाजी होते.

आणि इथेच आपल्या घरांतले प्रेम आडवे येते. मी हे फार जपून लिहिते आहे, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसे रात्र रात्र जागलेली असतात. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला काहीही करू न देणे. "तू बस, मी करते." आई घास भरवते, बायको बटणे लावते, मुलगा उचलून न्हाणीत नेतो. मायेपोटी एक गोष्ट आणि वेळेपोटी दुसरी : त्याने शर्ट घालायचा तर पंचवीस मिनिटे लागतात, आपण घातला तर दोन. सकाळी डबा आहे, शाळा आहे, लोकल आहे. ती पंचवीस मिनिटे कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला मी उपदेशाने उत्तर देऊ शकत नाही. मी एवढेच सुचवते की सगळी कामे नकोत, एकच निवडा. शर्टाची वरची सगळी बटणे तुम्ही लावा, शेवटचे त्याला लावू द्या. शेवटचे बटण लागले की शर्ट त्याने घातलेला असतो. पुढच्या आठवड्यात शेवटची दोन. ही उलटी मोजणी आमच्या कामातली फार जुनी आणि फार गुणी युक्ती आहे.

'आळशी झालाय' हा शब्दही घरातून काढून टाकावा अशी माझी विनंती आहे. कामाला सुरुवात करणे हे मेंदूच्या पुढच्या भागाचे काम आहे. ते बिघडले की माणूस दिवसभर खाटेवर बसून राहतो आणि त्याला त्याचे काही वाटतही नाही. दमणूक हीसुद्धा खरी असते. अर्धा तास पाहुण्यांशी बोलून जो माणूस तीन तास झोपतो, तो नाटक करत नसतो; चार माणसांच्या आवाजातून एक आवाज निवडून ऐकणे हे त्याच्या मेंदूसाठी पोते वाहण्याइतके कष्टाचे झालेले असते. कामांची वेळ ठरवताना हे धरावे. अवघड काम सकाळी, मध्ये विश्रांती, टीव्ही बंद.

बायकांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. पुरुष रुग्ण आला की पहिल्या भेटीत प्रश्न येतो : "कामावर कधी जाईल?" बाई रुग्ण आली तर हा प्रश्न कोणी विचारत नाही. "घरचं काय, सुना बघतात आता." यात सुनांचा वाईट हेतू नसतो. पण चाळीस वर्षे जिच्या हातात स्वयंपाकघर होते, तिला खोलीत खाट देऊन वेळेवर ताट आणून दिले की तिची नोकरी, तिचा अधिकार आणि तिचे बोलायचे विषय एकाच दिवशी गेलेले असतात. मग ती रडते, आणि कार्डावर नैराश्य लिहिले जाते. अशा एका घरी मी सुनेला सांगितले, फोडणीची मिसळणाची डबी सासूबाईंच्या मांडीवर द्या आणि रोज विचारा, आज आमटीला काय घालू. सासूबाईंना जिरे आणि मोहरी हे शब्द सुचत नव्हते, त्या बोटाने दाखवत. तीन आठवड्यांनी सून म्हणाली, "आई पुन्हा ओरडायला लागल्या माझ्यावर." ती हे हसत सांगत होती.

या शास्त्राचे भारतातले घर मुंबई आहे, हे मराठी वाचकाला माहीत असावे. अमेरिकेतल्या एका क्वेकर घरात वाढलेली एलिझाबेथ लंडी १९३० साली भारतात आली; विष्णू निंबकरांशी लग्न करून ती कमला निंबकर झाली. व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हे काम सुरू केले आणि १९५० साली तिथे देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा उभी राहिली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. स्वातंत्र्याला पाच वर्षेही झाली नव्हती. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा पुष्कळांना ठाऊक असते. ते नाव कोणाचे, हे मात्र विचारल्यावर सांगता येत नाही. पुढे १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. जिथे या कामाची सुरुवात झाली, त्याच राज्यात आज तालुक्याच्या गावी व्यवसायोपचार तज्ज्ञ शोधून सापडत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. २०२१च्या राष्ट्रीय कायद्याने या व्यवसायाला देशभर एका आयोगाखाली आणले. त्याचा लाभ जिल्हा रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोचायला हवा.

कायद्याची आणखी एक उणीव मांडते. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. डोक्याला मार लागल्याने आलेले अपंगत्व त्यात स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. ज्याचा हात-पाय गेला त्याला चलनवलनाच्या रकान्यात जागा मिळते, वाचा गेली तर वाणीच्या. पण जो चालतो, बोलतो, दिसायला ठणठणीत आहे आणि तरी दुकानात हिशेब करू शकत नाही, रस्ता ओलांडताना निर्णय घेऊ शकत नाही, कालचे आज आठवू शकत नाही, त्याला प्रमाणपत्राच्या खिडकीवर कुठल्या रकान्यात बसवायचे? एका आईला तिथे विचारले गेले, "याला झालंय काय? चांगला तर दिसतोय." ती आई माझ्याकडे येऊन बराच वेळ बसून राहिली होती. या माणसांसाठी कायद्यात नाव हवे, आणि त्यासाठी मी शक्य तिथे बोलते, इथेही बोलते.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. सुरुवातीपासून वाचलेच पाहिजे असे नाही. ज्याला गिळताना ठसका लागतो त्याच्या घरच्यांनी मात्र जेवणाचे प्रकरण सर्वांत आधी वाचावे आणि काहीही भरवण्याआधी तज्ज्ञाला दाखवावे. न्हाणीघर आणि संडास यांवरचे प्रकरण लांबले आहे, कारण सर्वांत जास्त पडझड तिथे होते आणि सर्वांत जास्त लाजही तिथेच वाटते. पैसे, मोबाइल, एटीएम यांचे प्रकरण तरुण रुग्णांच्या आग्रहावरून घातले. गाडी पुन्हा चालवण्याबद्दल मी कडक लिहिले आहे. ते तसेच वाचावे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे, पण त्यानंतर दार बंद होते हे खरे नाही. अपघातानंतर चौथ्या वर्षी एकट्याने बाजारात जाऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. कधीच जाऊ न शकलेलीही पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठीही या पानांत जागा आहे.

वाचायला बसण्याआधी एक वही घ्या. तुमचे माणूस आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करत होते, ते लिहून काढा. काहीही क्षुल्लक म्हणून गाळू नका : पेपर कुठे बसून वाचत, मिश्रीचा डबा कुठे ठेवत, कुणाला रोज फोन करत. मग ती यादी त्यांच्यासमोर धरा, वाचून दाखवा आणि विचारा, यातले आधी काय? बोलता येत नसेल तर बोट ठेवू द्या. उत्तर बहुधा तुमच्या अंदाजाबाहेरचे येते. साठीच्या एका शेतकऱ्याच्या तिन्ही मुलांनी वहीत पहिले 'चालणे' लिहिले होते आणि माझ्या मनातही तेच होते. त्यांनी मात्र यादीवरून बोट खाली खाली नेले आणि 'संध्याकाळी गोठ्यात बसणे' इथे ठेवले. चालता येत नव्हते. मुलांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गोठ्यात नेले, मी मागोमाग गेले. गाईने मान वळवली. त्यांचा उजवा हात, जो पाच आठवडे मांडीवर नुसता पडून होता, तिच्या गळ्याकडे निघाला.